मराठीच्या तासाला खेळ हवा, आणि वर्गात दशावतारी हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या आहेत आणि ठिकठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीत वेळापत्रकाचे मोठे तक्ते आखले जात आहेत. ते तक्ते पक्के होण्याआधी हे पत्र छापून यावं, अशी विनंती. मी कुडाळ तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत पाचवी ते दहावीला मराठी शिकवते. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून मराठीचा एक तास नाट्यखेळांसाठी राखून ठेवा, आणि तो वेळापत्रकात तसाच लिहा. ऑफ तासाला, पावसामुळे मुलं कमी आली म्हणून, किंवा स्नेहसंमेलन जवळ आलं म्हणून घेतलेला खेळ मी मोजत नाही.

श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही चार कौशल्यं आम्ही सगळे शिक्षक डी.एड., बी.एड.ला घोकून आलो. त्यातल्या वाचन-लेखनाला पुस्तक आहे, वही आहे, चाचणी आहे, सत्र परीक्षा आहे. श्रवण-भाषणाच्या वाट्याला येते ती वर्षाअखेरची तोंडी परीक्षा. दहावीला भाषेच्या १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० अंतर्गत असतात, आणि श्रवण-भाषण त्या २० मध्ये बसवलेलं असतं. २०१९ च्या परीक्षेला हे अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. केवढा गहजब झाला! पुढच्या वर्षी गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या सगळ्या चर्चेत टक्क्यांचं बोलणं मी भरपूर ऐकलं. आपली मुलं चार माणसांत नीट बोलू शकतात का, दुसऱ्याचं ऐकून घेऊ शकतात का, हा प्रश्न मात्र मला कुठेच दिसला नाही. हे २० गुण द्यावेत की देऊ नयेत यावर वाद घालणाऱ्यांनी आधी हे विचारायला हवं होतं की वर्षभरात ते शिकवले केव्हा जातात.

आमच्याकडची मुलं अबोल नाहीत, हे पहिल्यांदा सांगते. माझ्या वर्गातली मुलगी सकाळी आईबरोबर मासळी बाजारात बांगड्यांचा वाटा लावून गिऱ्हाइकाशी घासाघीस करून आलेली असते. एसटीत सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी ती व्यवस्थित भांडते. तीच मुलगी वर्गात उभी केली की खाली बघते. फार आग्रह केला तर म्हणते, “बाई, माका बोलूक जमाचा नाय.” घरची मालवणी आणि पुस्तकातली मराठी यांच्यामध्ये ती अडकलेली असते. शिवाय वर्गात जे बोलायचं ते बरोबरच असलं पाहिजे, अशी धास्ती असते. तिच्याकडे बोलणं आहेच. ते वर्गाच्या दारातून आत आणायचं काम आमचं आहे.

यावर शाळांनी शोधलेला उपाय म्हणजे वक्तृत्व स्पर्धा. भाषण बाबा किंवा बाई लिहून देतात, मुलं पाठ करतात, “सन्माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो” इथून सुरुवात होते आणि मध्येच एखादं वाक्य निसटलं की मूल रडकुंडीला येतं. स्पर्धांना माझा विरोध नाही, त्यातून चांगले वक्ते घडलेले मी पाहिले आहेत. पण त्यात एक जण बोलतो आणि बाकीचे बसून असतात. बसलेल्यांनी नाही ऐकलं तरी कुणाचं काही अडत नाही. स्नेहसंमेलनातल्या नाटकाचंही तेच. मुळात बोलकी असलेली आठ-दहा मुलं निवडली जातात, त्यांना संवाद पाठ करायला दिले जातात आणि ज्यांना बोलायची खरी गरज आहे ती पडद्यामागे खुर्च्या उचलतात.

खेळाचं गणित वेगळं आहे. चांगल्या खेळात ऐकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. माझा सगळ्यात आवडता खेळ पाठीला पाठ लावून बसण्याचा. दोन मुलं पाठमोरी बसतात. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं, वळून बघायचं नाही. घर, माड, विहीर, वाट एवढंच साधं चित्र असतं. सांगणारा म्हणतो, “बाजूक एक माड काढ.” कुठल्या बाजूला? घराच्या मागे की पुढे? माझ्या डावीकडे की तुझ्या? शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले की विहीर छपरावर आलेली असते आणि वर्ग हसून लोटपोट होतो. मग मी विचारते, विहीर वर कशी गेली? सांगणारा आणि काढणारा दोघंही आठवून आठवून सांगतात की नेमकं कुठलं वाक्य अपुरं पडलं. डावीकडे, पलीकडे, खालोखाल, दोन बोटं सोडून, हे शब्द मी फळ्यावर लिहून देत नाही. दुसऱ्या फेरीत ते मुलांच्या तोंडी आपोआप येतात, कारण आता त्यांची गरज पडलेली असते. शिवाय ऐकण्याचा पुरावा कागदावर उमटतो. एरवी मूल ऐकतंय की खिडकीबाहेर बघतंय, हे शिक्षकाला कळायला मार्ग नसतो.

कानगोष्टींचा खेळ सगळ्यांना माहीत आहे. आम्ही त्यात एक नियम वाढवला. “सोमवारी साडेसातच्या एसटीने मालवणला जाणारी मावशी येताना सोलं आणि सुके बोंबील आणणार आहे,” असं वाक्य रांगेतून सोडायचं, पण प्रत्येकाला एकदा “परत सांग” म्हणायची मुभा. सुरुवातीला ती मुभा कुणी वापरत नाही. न कळलेलं विचारायची मुलांना लाज वाटते, आणि ही लाज आपणच त्यांना शिकवलेली असते. वाक्याचा चुथडा झाला की मग रांग मागे चालत जाते आणि धागा कुठे तुटला ते शोधते. काही आठवड्यांनी मुलं इतर तासांनाही हात वर करून “सर, परत सांगा” म्हणायला लागली, हे मला गणिताच्या शिक्षकांनी सांगितलं. मला त्याचा फार आनंद झाला.

याच खेळात एक गोष्ट अनपेक्षितपणे लक्षात आली. सहावीतल्या एका मुलीपाशी धागा दर वेळी तुटायचा, आणि तोही ती डाव्या कानाने ऐकत असली तरच. तिच्या पालकांना सांगून कान तपासून घेतला. कान फुटून बरेच दिवस झाले होते. शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात, तपासणी करतात, त्याचा उपयोगही होतो. पण रोज मुलांबरोबर असतो तो शिक्षक. ऐकण्याचे खेळ घेतले नसते तर ती मुलगी “लक्ष नाही” या शेऱ्यावर आणखी एक वर्ष काढून गेली असती.

मोठ्या मुलांसाठी आम्ही प्रसंग उभे करतो. टेबल मांडलं की ते प्राथमिक आरोग्य केंद्र. डॉक्टर झालेला मुलगा लातूर-सोलापूरकडून नव्याने बदली होऊन आला आहे, त्याला मालवणी कळत नाही. पेशंट झालेल्या मुलीने दुखणं त्याला समजेल असं सांगायचं: कुठे दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर. डॉक्टरने पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय गोळी द्यायची नाही. बँकेत पासबुक भरून घेणं, हरवलेल्या दप्तराची डेपोत चौकशी करणं, शेजाऱ्याच्या गुरांनी वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, खाल्लं म्हणून तक्रार करायला जाणं पण भांडण होऊ न देणं. हा शेवटचा प्रसंग मुलं इतक्या बारकाव्याने करतात की मी थक्क होते. त्यांनी हे घरात ऐकलेलं असतं. भूमिकेत शिरल्यावर ती धिटाईने बोलतात याचं कारण मला असं वाटतं की चूक झाली तरी ती त्या पात्राची असते, मुलावर तिचा डाग बसत नाही.

आणखी एक प्रकार म्हणजे पात्राला खुर्चीत बसवणं. गोष्टीतलं एक पात्र एका मुलाने घ्यायचं, मध्यभागी बसायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. एकलव्याच्या गोष्टीवर हा खेळ घेतला तेव्हा आठवीतला एक अगदी गप्प राहणारा मुलगा द्रोणाचार्य झाला. प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. कुणीतरी थेट विचारलं, “अंगठोच कित्याक मागलास?” तो बराच वेळ काही बोलला नाही. मुलंही थांबली, कुणी त्याला टोकलं नाही. मग तो म्हणाला, “मी राजाचं अन्न खात होतो.” या पाठावर मी जे प्रश्नोत्तर लिहून देते, त्यात हे उत्तर कधीच नव्हतं. त्यावर पुढचा सगळा तास मुलं एकमेकांशी वाद घालत राहिली आणि मला फक्त एका वेळी एकानेच बोला एवढं सांगावं लागलं.

आता माझ्या मागणीचा दुसरा भाग. हे सगळं शिकवायला आम्ही प्रशिक्षणाची, साहित्यपेटीची, बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाची वाट बघत बसतो. सिंधुदुर्गात तज्ज्ञ गावागावात राहतात. ते दशावतारी, म्हणजे आमच्याकडच्या दशावतार या लोकनाट्याचे कलाकार, आहेत. आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, पण आपलं वृत्तपत्र घाटावरही जातं म्हणून सांगते. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं लावायचं ते ठरतं, कुणी कुठला वेष घ्यायचा ते ठरतं, आणि पेटी, मृदंग, झांज यांच्या साथीने रात्रभर संवाद जागच्या जागी बोलले जातात. राजा काय म्हणणार हे राक्षसाला आधी माहीत नसतं. तो ऐकतो, आणि त्यातून त्याचं उत्तर निघतं. बोलणं आणि ऐकणं एकमेकांत इतकं गुंतलेलं दुसरं शिक्षण मला तरी माहीत नाही. आणि हे करणारा माणूस दिवसा शेतात असतो किंवा रिक्षा चालवतो.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका जुन्या कलाकाराला मी वर्गावर बोलावलं. त्यांचं शालेय शिक्षण थोडं, म्हणून यायला तयार नव्हते. आले, आणि एका तासात त्यांनी जे दिलं ते मला पुस्तकांतून मिळालं नव्हतं. दोन मुलांना समोरासमोर उभं केलं आणि म्हणाले, “फुडल्याचो शेवटचो शब्द धर, मगे आपला बोल.” समोरच्याचं वाक्य ज्या शब्दावर संपलं, तिथून आपलं वाक्य सुरू करायचं. एक म्हणाला, “हे राजन, तुझ्या राज्यात पाऊस नाही.” दुसऱ्याने उचललं, “पाऊस नाही तर प्रजेने माझ्याकडे का यावं?” करून बघा. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत आपलं उत्तर मनात तयार ठेवताच येत नाही. आपण मोठी माणसं बहुतेक वेळा तेच करत असतो. आता माझ्या प्रत्येक वर्गात तासाची सुरुवात याच खेळाने होते.

आवाजाचंही त्यांनी शिकवलं. देवळाच्या आवारात, माईक नसताना, शेवटच्या रांगेतल्या आजीला शब्द कळला पाहिजे. त्यासाठी ओरडायचं नाही, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवायचं आणि वाक्याचा शेवट गिळायचा नाही. वाक्याचा शेवट गिळणं हा आमच्या मुलांचा नेहमीचा दोष आहे. मी वर्षानुवर्षं “मोठ्याने वाच” म्हणत आले. “शेवट सोडू नको” हे त्याहून नेमकं आहे.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. दशावतारात राजा, ऋषी, देव भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात आणि संकासुर हा विनोदी राक्षस अस्सल मालवणी. दोघांचाही मान तेवढाच. संकासुर आला की प्रेक्षक सावरून बसतात. मुलांना आम्ही दोन्ही वेष आलटून पालटून देतो. सकाळी बांगडे विकणारी ती मुलगी आधी संकासुर झाली, मालवणीत धबधब्यासारखी बोलली. पुढच्या आठवड्यात राणी झाली आणि तिने प्रमाण मराठीत दूताला असं फैलावर घेतलं की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तिला कुणी “शुद्ध बोल” म्हटलं नव्हतं. कुठे कसं बोलायचं ते तिला वेषाने सांगितलं.

हे विचार काही माझे नवे नाहीत. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात गोष्ट आणि नाट्य यांना शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं, त्याला शंभर वर्षं झाली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, पुढे कोसबाडला आदिवासी मुलांची शाळा गुरं चरतात त्या कुरणावर नेली. मुलाची भाषा आणि त्याचा खेळ जिथे आहे तिथे शाळेने जावं, हे महाराष्ट्राने तेव्हाच करून दाखवलं आहे. २०२३ च्या राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्यातही कलाशिक्षणात नाट्याला जागा आहे. म्हणजे वरून मनाई नाही. अडतं ते शाळेच्या पातळीवर.

तिथे काय अडतं ते मला माहीत आहे, कारण स्टाफरूममध्ये हे सगळं मी ऐकते. पोर्शन पूर्ण होणार नाही, ही पहिली हरकत. पाच तासांतला एक गेला तर धड्यांची उत्तरं लिहून द्यायला वेळ कमी पडतो, हे खरं आहे. पण उत्तरं लिहून देणं मुळात कमीच व्हायला हवं. ज्या धड्यावर खुर्चीचा खेळ झाला, त्या धड्याची उत्तरं मुलं स्वतःच्या शब्दांत लिहितात. मी त्यांच्या वह्या तपासते म्हणून सांगते. गोंगाट होतो, ही दुसरी हरकत. होतो. आम्ही झांज ठेवली आहे, एकदा वाजली की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. हाही ऐकण्याचाच खेळ झाला. आषाढात पत्र्यांवर पाऊस कोसळत असतो तेव्हा कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, तेव्हा मूकाभिनय घ्यायचा.

मोठ्या वर्गाची हरकत मात्र मी हलक्याने घेणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, पण शहरातल्या कित्येक वर्गांत साठ मुलं दाटीने बसतात आणि नववी-दहावीची परिस्थिती तर सगळ्यांना दिसते आहे. बाक हलवायलाही जागा नसते. तिथे मी एवढंच सुचवेन की शेजारी बसलेल्यांच्या जोड्यांचे खेळ घ्यावेत. शेवटचा शब्द धरण्याला जागा लागत नाही, आणि तीस जोड्या एकाच वेळी बोलल्या तर पाच मिनिटांत वर्गातलं प्रत्येक मूल बोललेलं असतं. एकेकाला उभं करून हे महिन्यातही होणार नाही. मोठ्या वर्गाचं खरं उत्तर शिक्षकभरती हेच आहे, आणि ते शासनाने द्यायचं आहे.

त्या २० गुणांचंही याच तासात भागेल. प्रत्येक तासाला चार मुलांकडे नीट लक्ष द्यायचं आणि वहीत दोन ओळी लिहायच्या: समोरच्याचं ऐकून बोलला का, न कळलेलं विचारलं का, शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला का. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गातल्या बहुतेक मुलांबद्दल काहीतरी खरं लिहिलेलं हाताशी येतं. मार्चमध्ये एका दुपारी सगळ्या वर्गाची तोंडी परीक्षा उरकण्यापेक्षा हे कष्टाचं आहे, पण मुलाला न्याय देणारं आहे.

शिक्षणाधिकाऱ्यांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की यंदाच्या शिक्षण परिषदांमध्ये एक सत्र असं ठेवावं, ज्यात शिक्षकांनी खुर्च्या बाजूला करून हे खेळ स्वतः खेळावेत. पडद्यावर स्लाइड दाखवून हे कळत नाही. आणि जिल्हा परिषदेने दशावतारी कलाकारांना शाळेतल्या तासासाठी मानधन द्यावं. शाल-श्रीफळ देऊन बोळवण करू नये. रात्रभर उभं राहून कला जपणाऱ्या माणसाच्या दिवसाचीही किंमत असते. त्यांच्या जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो, त्यानंतर ते कुणाला मिळायचे नाहीत. लावणी आटोपली की श्रावणापासून दिवाळीपर्यंत त्यांना सवड असते. त्यामुळे मानधनाचा निर्णय जुलैअखेर झाला तर पहिल्या सत्रातच प्रत्येक केंद्रात, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटात, निदान एका शाळेत हे सुरू करता येईल.

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग